मामाजींचा उजवा पाय

तीर्थस्वरूप परसराममामाजींना गोंदियाहून पुष्पांजलीचा लांबूनच हात जोडून नमस्कार. ('चरणी नमस्कार' असंच लिहिणार होते. पण आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाची मामाच्या नाही. कागदावरून का होईना, मी तुमच्या चरणाला हात लावला तर पाप लागलं म्हणून तुम्ही पुढचं ऐकणार नाही, आणि पुढचं ऐकणं फार जरुरीचं आहे.)

घरी सगळे खुशाल असतील. धान घरात आलं असेल, तलावात पाणी बरं असेल, म्हैस अजून मामीशिवाय कोणाला धार काढू देत नसेल. तुमची तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण उत्तर मला पाठ आहे: 'मले काय होते?' मामीचं उत्तर मात्र वेगळं आहे. ती सांगते की दिवाळीच्या आधीपासून तुमच्या उजव्या तळव्याला जखम आहे, तुम्ही तिच्यावर कंबरमोडीचा पाला चुरून फडकं बांधता, आणि कोणी पाहायला गेलं की धोतर खाली ओढता. मी फोनवर पायाचं नाव काढलं की तुमच्या घरचं नेटवर्क जातं. तेच सौंदडच्या कोणाच्या लग्नाचं बोलत असलो की नेटवर्क कसं ठणठणीत असतं.

म्हणून पत्र लिहीत आहे. पत्र अर्ध्यात टाकून उठणं म्हणजे पाहुण्याला ताटावरून उठवणं, असं तुम्हीच म्हणता, आणि आजवर तुम्ही कुणाचं पत्र अर्ध्यात टाकलेलं नाही, वीजबिलासोबत आलेलं छापील पत्रकसुद्धा नाही. तर आता बैठक अशी करा. तुमच्या चष्म्याची काडी मोडलेली आहे, तेव्हा तुमची सूनबाई, आमची निशावहिनी, मोठ्यानं वाचेल. तुम्ही अंगणात उन्हात खुर्चीवर बसा आणि पाय समोरच्या बाजेवर लांब करा, थंडीत बरं वाटतं. मामी बाजेच्या पायथ्याशी कापसाच्या वाती वळत बसेल. कार्तिक महिना आहे, तिला तेवढंच काम होईल. बसलात? बरं.

आधी मनातलं सांगून टाकते. मी नर्सिंगला जाणार म्हटल्यावर आमच्या घरी काय गदारोळ झाला होता ते तुम्हाला आठवत असेल. परक्या माणसांना हात लावायचा, रात्रीच्या ड्युट्या करायच्या, पोरीचं लग्न कसं जमायचं, असं बाबांचं चाललं होतं. तेव्हा तुम्ही ओसरीवर उभे राहून म्हणालात, 'पोरगी जाईन. मी हावो ना उभा.' नुसतं म्हणाला नाहीत, माझी पेटी खांद्यावर घेऊन होस्टेलच्या दारापर्यंत आलात, आणि दारात सगळ्या पोरींच्या देखत वाकून माझ्या पाया पडलात. वसतिगृहात शहरातल्या हिंदी बोलणाऱ्या पोरी होत्या. त्यांना वाटलं मी कुणी देवीबिवी आहे. महिनाभर मला कोणी झाडू मारायला सांगितलं नाही. तुमचे उपकार मी कुठवर मोजू, मामाजी? हा एकच मोजला तरी कागद पुरणार नाही.

तर आमची पोस्टिंग सुरू झाली. पोस्टिंग म्हणजे वर्गात शिकलेलं दवाखान्यात जाऊन खऱ्या माणसांवर करायचं. (खरी माणसं वर्गातल्या पुतळ्यापेक्षा फार वेगळी निघतात. पुतळा 'ओय माय' म्हणत नाही, आणि त्याच्यासोबत गावाहून आलेली चार माणसं पलंगाखाली झोपत नाहीत.) पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या पोरी पांढऱ्या फटक कपड्यांत वॉर्डातल्या भिंतीला टेकून रांगेत उभ्या राहिलो. आमच्या मॅडम आल्या, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की ही भिंत पक्की आहे, पडणार नाही, तुम्ही धरून ठेवायची गरज नाही. तरी आम्ही दुपारपर्यंत भिंत सोडली नाही. शेवटी वॉर्डच्या अल्का सिस्टरांनी मला हाताला धरून ओढलं आणि जे सांगितलं ते मी अजून मनात घोकते. भिंतीजवळ उभ्या राहणाऱ्या पोरीचेही हजेरीचे दिवस भरतात, सर्टिफिकेट तिलाही मिळतं, पण हात कोरा राहतो. सकाळी आल्याबरोबर प्रत्येक पेशंटला नावानं हाक मारायची, आणि कुठलंही काम दिसलं की दुसरी विचारायच्या आत 'मी करू का?' असं विचारायचं. विचारणाऱ्या पोरीला काम मिळतं आणि काम करणाऱ्या पोरीला बोलणी बसतात, पण दोन्हींतून शिकायला होतं.

बोलणी मला भरपूर बसली, मामाजी, तुमच्या भाचीनं कुठे कसर ठेवली नाही. पहिल्यांदा बीपी पाहायला मिळालं ते एका समोसा खात बसलेल्या गृहस्थांचं. पट्टा बांधला, हवा भरली, कानात नळ्या घातल्या, आणि काही म्हणजे काही ऐकू येईना. पुन्हा भरली, तरी सामसूम. मी घाबरून अल्का सिस्टरांना हाक मारली आणि भर वॉर्डात जाहीर केलं की यांना बीपीच नाही. गृहस्थांच्या हातातला समोसा तसाच राहिला आणि त्यांची बायको कपाळाला हात लावून म्हणाली, 'हाय राम, कल तक तो था!' सिस्टरांनी येऊन नळीच्या टोकाची चकती उलटी फिरली होती ती सुलटी केली, आणि बीपी परत आलं. गृहस्थांनी समोसा संपवला. त्यांच्या बायकोनं मात्र घरी जाईपर्यंत मला त्यांच्या जवळ एकटीला जाऊ दिलं नाही.

एका गोष्टीत मात्र मी सगळ्यांच्या पुढे निघाले, ती म्हणजे पलंग. चादरीचे कोपरे दुमडून गादीखाली असे खोचायचे असतात की एक सुरकुती दिसू नये. हे काम मला इतकं साधलं की मी सुटलेच. पेशंट आत असला तरी मी चादर अशी ताणून बसवायची की त्याला कूस बदलायला माझी परवानगी लागावी. मॅडम दुसऱ्या पोरींना आणून माझे पलंग दाखवायच्या. (या पलंगाचं पुढे काय झालं ते सांगते. गर्वाचं घर खाली असतं. मामी, वाती सावकाश होऊ दे, घाई नाही.)

आता दुधरामजींची गोष्ट. ही नीट ऐका. निशावहिनी, तूही इथून जरा हळू वाच.

दुधरामजी दरेकशाकडच्या एका गावचे, वयानं तुमच्याएवढे, मिशाही तुमच्यासारख्याच. साखरेचा आजार जुना, आणि पायाला जखम. दुखत नव्हती म्हणून त्यांनी घरीच पाला बांधला, मग हळद भरली, मग आणखी कोणी काही सांगितलं ते केलं. दवाखान्यात आले तेव्हा अंगठा काळा पडलेला होता. तो काढावा लागला. मी त्यांच्या पलंगाजवळ गेले तेव्हा ते मला म्हणाले, 'दुखत नोहोता म्हनून बसून राहलो, बाई. दुखला असता तं पहिल्याच दिवशी आलो असतो.' हे वाक्य मी तुमच्यासाठी जसंच्या तसं जपून ठेवलं होतं.

त्यांची जखम रोज धुऊन बांधायची होती, आणि ते काम अल्का सिस्टरांचं. पण तिथे भलताच पेच पडला. सिस्टरांचं आजोळ नेमकं त्याच गावचं निघालं. म्हणजे त्या गावच्या भाची! दुधरामजींनी पाय पांघरुणात ओढून घेतला. गावच्या भाचीनं पायाला हात लावला तर पाप कुठे फेडू, असं म्हणून ते बसले अडून. सिस्टरांनी समजावलं की ड्युटीवर मी कुणाची भाची नसते, डॉक्टर रागावले, शेजारच्या पलंगावरचे लोक दोन्ही बाजूंनी बोलू लागले, पण पाय काही बाहेर येईना. तेवढ्यात मी तोंडपाठ झालेलं वाक्य बोलून गेले: 'मी करू का?' दुधरामजींनी आधी माझं आजोळ कुठलं ते विचारलं. सौंदड म्हटल्यावर पाय बाहेर आला. बाकीच्या पोरी ट्रे धरून उभ्या राहायच्या तेव्हा मला रोज जखम धुवायला मिळाली, ती केवळ आपल्या या रीतीच्या कृपेनं. अल्का सिस्टर मागे उभ्या राहून सांगायच्या, मी करायची. कुठून सुरुवात करायची, चांगलं मांस कसं दिसतं, वास काय सांगतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं मात्र दुधरामजींच्या पायापाशी बसून. त्या माणसानं मला आपला पाय शिकायला दिला. असं दान कोण देतं, मामाजी?

सिस्टरांनी मला आणखी एक परीक्षा शिकवली. साखरेच्या माणसाच्या तळव्याला हळूच काही टेकवायचं आणि कळलं की 'हो' म्हणायला सांगायचं. जिथे कळत नाही तिथली जाणीव गेलेली असते, आणि तिथे काटा रुतला तरी माणसाला पत्ता लागत नाही. दुधरामजींना डोळे मिटायला सांगितले. मी टेकवलं, ते म्हणाले हो. दुसरीकडे टेकवलं, हो. मग माझा हात मी पाठीमागे घेतला, तरी हो, हो, हो. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होते! आपल्याकडच्या माणसांचं हे असं असतं. विचारून खरं कळत नाही, त्यांचं लक्ष दुसरीकडे असताना पाहावं लागतं.

एवढ्यात त्यांच्या गावची मंडई आली. दिवाळीनंतर आपल्या गावोगावी मंडईची जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात, हे तुम्हाला मी काय सांगू, पण दवाखाना त्याची दाद घेत नाही. दुधरामजी दंडारीच्या नाच-नाटकात ढोलकी वाजवतात, जन्मात मंडई चुकली नाही, एक दिवस सोडा म्हणाले. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. मॅडमनी मला त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. सकाळी पाहिलं तर दुधरामजी डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपलेले. मी त्यांची झोप न मोडता चादर ताणली, कोपरे दुमडले, असा सुंदर पलंग केला की माझीच दृष्ट लागावी. डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी पुढे होऊन सांगितलं की पेशंटला आज फार शांत झोप लागली आहे. डॉक्टरांनी चादर ओढली. ती लवकर निघेना, इतकी घट्ट बसवलेली! निघाली तेव्हा आत दोन उशा होत्या. त्या दिवशी बोलणी किती बसली ते लिहीत नाही, निशावहिनीला मोठ्यानं वाचायला बरं वाटणार नाही.

घरी फोन केला तर मुलगा म्हणाला, बाबा इथेच आहेत, मंडई झाली की आणतो. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, अल्का सिस्टरांचीही होती, आणि त्यांना आजोळच्या मंडईला जायचंच होतं. त्यांनी मला सोबत घेतलं, म्हणाल्या, आपला पेशंट पळाला तर आपणच जाऊन पाय पाहावा. रस्ताभर मी ठरवत होते, दुधरामजींना काय काय बोलायचं. मांडवात गेलो तर दंडार रंगात आलेली, आणि मधोमध बाजेवर दुधरामजी, मांडीवर ढोलकी, आणि आजारी पाय घडी केलेल्या घोंगडीवर वर ठेवलेला. पाय खाली टेकवायचा नाही असं मी सांगितलं होतं ना? त्या माणसानं खरंच टेकवला नव्हता. पुतण्यानं मोटारसायकलवर आणलं, आणि मोटारसायकलवरून उचलून बाजेवर ठेवलं. माझा सगळा राग तिथेच गेला.

आम्हाला पाहून त्यांनी ढोलकी थांबवली आणि माइकवरून सांगितलं की माह्या पायाची डॉक्टरीन आली. झालं! दंडार थांबली आणि लोक चपला काढून पाय दाखवायला आले. मी लाजून अल्का सिस्टरांच्या मागे गेले, त्यांनी मला पुन्हा हाताला धरून पुढे ओढलं, की मंडईतसुद्धा भिंत शोधतेस का. मग मी बसले आणि पाय पाहिले. भेगांचे पाहिले, कुरुपांचे पाहिले, एका म्हातारीनं तर सुनेचे पैंजण दाखवायला सुनेचे पाय पुढे केले. एक आजोबा मात्र पाय धोतराखाली ओढून मागच्या मागे सरकत होते. मी त्यांना लगेच ओळखलं, कारण भाऊबीजेला तुम्ही अगदी असेच सरकला होता. मी पुढे वाकले तर म्हणालात, 'भाचीचा हात पायाले? पाप लावतं का मले?' आणि वर माझ्याच पाया पडलात. मी तुमचा पाय पाहायला वाकलेली आणि तुम्ही माझा पाय धरलेला, अशी आपली दिवाळी झाली. त्या आजोबांना सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात यायला सांगितलं, आणि ते आले.

दुधरामजीही आले, सोबत चिवड्याची पिशवी. का पळालात विचारलं तर म्हणाले, 'मंडईच्या दिवशी घरचा मानूसच नाही, तं पाहुने कोनाकडं येतीन?' मग त्या दिवशी त्यांनी एक नवल केलं. बसल्या बसल्या खाली वाकून अल्का सिस्टरांच्या पायाला हात लावला, आणि मग आपला पाय स्वतःच पांघरुणातून काढून त्यांच्या पुढे ठेवला. म्हणाले, 'आधी भाचीच्या पाया पडलो. आता भाचीनं पाय धरला तं पाप कोनाले?' अल्का सिस्टर कधी डोळ्यांत पाणी आणत नाहीत, पण त्या दिवशी त्यांना ट्रे शोधायला दोनदा आत जावं लागलं. जखम आता चांगली भरत आहे. पुढच्या मंडईला ते चालत जातील.

मामाजी, तुम्ही तलावाच्या पाळीवर कधी चप्पल घालून चढत नाही. माझे आजोबा सांगायचे की पाळ पायानं वाचायची, अनवाणी तळव्याला ओल आधी कळते, पाणी दिसतं मागाहून. तुमच्या तळव्यानं किती वेळा गावाचं पाणी वाचवलं! पण मामी सांगत होती की यंदा तुम्ही पाळीवरच्या ओल्या जागेवरून सरळ चालत गेलात, आणि ओल मागून येणाऱ्या गड्याला दिसली. तुम्ही हसण्यावारी नेलंत. मला ते ऐकून त्या रात्री जेवण गेलं नाही. पाळ पाझरत असली तर तुम्ही 'दुखत नाही' म्हणून घरी बसता का? पाळही दुखत नाही.

फार लिहिलं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला एक पेंढी जास्त.

तुमचीच भाची,
पुष्पांजली

ता. क. मामाजी, अजून उठू नका, पत्र संपलेलं नाही. हे पत्र एवढं लांबवलं ते उगाच नाही. बीपीवाल्या गृहस्थांची आणि पलंगाची गोष्ट थोडक्यात आटपली असती. पण मामीला वेळ लागणार होता, तिला मी आधीच फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. निशावहिनी वाचत होती तेवढ्यात मामीनं हातातली कापसाची वात तुमच्या दोन्ही तळव्यांना ठिकठिकाणी टेकवली आहे, जखम सोडून. (अल्का सिस्टर म्हणतील ही काही पुस्तकातली पद्धत नव्हे. खरी तपासणी, साखरेचीसुद्धा, इथे होईलच.) तुम्हाला ते कळलं असेल आणि तुम्ही पाय ओढून घेतला असेल, तर मी मूर्ख आहे, मला माफ करा, आणि हा कागद चुलीत घाला. पण हे ऐकून तुम्ही आत्ता मामीच्या हाताकडे पाहिलं असेल, तर मामाजी, मग काही बोलू नका.

आणखी ता. क. उद्याच्या सकाळच्या गाडीनं मामीसोबत या. मी अल्का सिस्टरांना विचारून ठेवलं आहे, मामीचा फोन आला की स्टेशनवर मी उभी राहीन. पाला काढून टाका, स्वच्छ कापड बांधा, हळद नको. आणि पापाचं म्हणाल तर दुधरामजींनी वाट काढून दिली आहे. लहानपणापासून तुम्ही माझ्या पाया पडत आलात. उद्या प्लॅटफॉर्मवर पुन्हा पडा, मी मुकाट्यानं उभी राहीन, बघणाऱ्यांना वाटू दे काय वाटायचं ते. मग तुमचा पाय माझ्या हातात द्या. तुम्ही ओसरीवर माझ्यासाठी उभे राहिलात, त्यातला एकही पाय मला कमी नको आहे.

शेवटचा ता. क. मामी, आता पाय सोडला तरी चालेल. मामाजी, उठा. पण चप्पल घालून.